डाव्या अंगाला

ज्याच्यावर मी केस घातली होती, त्याच्याच स्कूटरवर मागं बसून मी त्या दिवशी सांगलीला कोर्टात निघाले होते.

तो म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, जोतिराम. सकाळी सकाळी माझ्या खानावळीच्या दारात येऊन त्यानं हॉर्न वाजवला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, लग्नाला निघाल्यासारखा थाट.

"दादा, वकीलबाईंनी बजावलंय, एकत्र येऊ नका म्हणून," मी दारातूनच म्हटलं. "कंपनीच्या वकिलानं बघितलं तर म्हणेल, दोघं ठरवून आलेत."

"म्हणू दे. लंगड्या बहिणीला एसटीत लोंबकळत पाठवली म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल, त्याचं काय? बस गप."

आमच्याकडं कोर्टापेक्षा गाव मोठं. मी काठी स्कूटरला अडकवली आणि म्हटलं, "मग दोन्हीकडं पाय टाकून बसते. हा पाय वळत नाही, नुसता बाहेर काढून ठेवावा लागतो."

"साडीवर? काहीतरीच तुझं. एकीकडंच बस, नेहमीसारखी."

बसले. एकीकडं, डाव्या अंगाला तोंड करून, जशा आम्ही सगळ्या बायका बसतो तशी. डावा पाय मांडीपासून ताठ, रस्त्यावर बाहेर आलेला. अपघातानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या मागं बसत होते. भीती वाटत होती, पण तोंडानं काय कबूल करते? "जरा हळू," एवढंच म्हटलं.

"मी कधी जोरात चालवलीय का गं?"

ते मात्र खरं होतं. दादा सायकलीच्या वेगानं गाडी हाकायचा. एका शाळेची पिवळी बस चालवायचा तो. गॅदरिंगला स्टेजवर बोलवून शाळेनं त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार केला होता, इतकी वर्षं बस चालवून कधी साधा ओरखडा नाही म्हणून. मी खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा फोटो दाखवायची. माझा नवरा लवकर गेला. त्यानंतर चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायच्या आणि चार माणसांना जेवू घालायचं, हाच माझा संसार. त्यात मिरवायला काय होतं? एक दादाच होता.

अपघात झाला तो आदल्या वर्षी, भाचीची सुपारी फोडून परत येताना. दिवस मावळायला आलेला. दादा नेहमीसारखा बोलत होता. डाव्या हाताला ऊस कुणाचा गं? तोडणी झाली का? आता काय आलं, पंप का? मी सांगत होते. पुढं गुऱ्हाळाचा धूर आणि चिपाडाचा बारीक भुसा उडत होता, तो डोळ्यांत गेला. मी पदर तोंडावर ओढून घेतला. समोरून ट्रक आला, दादानं गाडी डावीकडं दाबली, आणि मग मला आठवतो तो फक्त आवाज. शुद्धीवर आले तेव्हा मांडीत सळई आणि गुडघ्याचा चुरा. दादाला फक्त खरचटलं होतं.

"ट्रॉली होती, हौसे," तो माझ्या खाटेशी रडत म्हणाला. "उसाची, रस्त्याकडेला लावलेली. दिवा नाही, लाल पट्टी नाही. आपण पडल्यावर ट्रॅक्टर जोडून पळून गेला हरामखोर." पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं. मी तर काही बघितलंच नव्हतं.

गुडघा परत उघडायचा, सळई बदलायची, नाहीतर पाय कायमचा असाच काठीसारखा राहणार, असं डॉक्टर म्हणाले. मला खाली बसता येईना आणि फार वेळ उभंही राहता येईना. भाकऱ्या कोण थापणार? मग कुणीतरी कुरणे वकीलबाईंचं नाव सांगितलं. बाई तरुण, पण जिभेवर साखर नाही की मिरची नाही, सरळ बोलणारी.

"ट्रॉलीचा नंबर नाही, मालक नाही," त्या म्हणाल्या. "पळून गेलेल्या गाडीबद्दल सरकार देतं ते फार थोडं. त्यात ऑपरेशन व्हायचं नाही. पण तुमच्या भावाच्या स्कूटरचा विमा पूर्ण आहे, त्यात मागं बसलेला माणूस येतो. भरपाई कंपनी देईल. फक्त अर्जात भावाचं नाव घालावं लागेल आणि चूक त्याची होती हे सिद्ध करावं लागेल."

"भावावर केस?" मी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, माझं माहेर तुटेल की हो!"

"माहेर कशाला तुटतंय? त्यांच्या खिशातून एक पैसा जाणार नाही. लायसन आहे ना? दारू प्यायलेले नव्हते ना? मग झालं. लायसनमध्ये काही गडबड निघाली, काही लपवलेलं निघालं, तर मात्र कंपनी तुम्हाला दिलेलं सगळं त्यांच्याकडून वसूल करते. तसं काही नाही ना?"

"छे हो. शाळेची बस चालवतो तो," मी अभिमानानं म्हटलं.

दादा आधी भडकला. एवढ्या वर्षांच्या नावाला डाग म्हणाला. मालनवहिनीनं तर मला फोनवर असं धुतलं की काही विचारू नका. पण आठ दिवसांनी तोच दारात आला आणि म्हणाला, "तुझ्या पायासाठी खोटं बोलतो. माझीच चूक होती म्हणून सांगतो कोर्टात." मी त्याच्या गळ्यात पडून रडले. मग गावभर झालं, जोतिरामनं बहिणीसाठी नसलेला गुन्हा अंगावर घेतला. मलाही ते उपकार वाटायचे. एकटी असले की त्याला मनातल्या मनात हात जोडायची.

तर आम्ही असे चाललो होतो. गावातून फाट्यापर्यंत तेच चाललं होतं, त्याचं बोलणं. डाव्या हाताला नवीन बांधकाम कुणाचं? कडेला कोण उभं आहे, आपला संभा काय? मी भीतीनं स्कूटरची दांडी घट्ट धरून उत्तरं देत होते. सांगलीत शिरलो. गर्दी वाढली तशी मी गप्प झाले, जीव मुठीत धरून बसले.

एका चौकात तो डावीकडं वळला. आमच्या अगदी लगत, डाव्या अंगाला, एक पोरगी सायकलवर चालली होती. निळा गणवेश, दोन वेण्या, पाठीला दप्तर. मी हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, इतकी जवळ. मला वाटलं, दादा थांबेल. तो थांबला नाही. थेट तिच्या अंगावर वळला. तिचं हँडल माझ्या ताठ पायावर आदळलं, मी किंचाळले, पोरगी सायकलवरून उडी टाकून बाजूला झाली आणि सायकल मागच्या रिक्षाच्या चाकाखाली गेली.

"दादा! थांब! थांब म्हणते ना!"

त्यानं पुढं जाऊन कडेला घेतली. "काय झालं? पाय दुखला का?"

मागं रिक्षावाला आईबहीण काढत होता. पोरगी उभ्या जागी थरथरत होती, पण लागलं नव्हतं तिला, देवाची कृपा. मी दादाच्या तोंडाकडं बघत राहिले. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"त्या पोरीला उडवलं असतंस आत्ता!"

"कोण पोरगी?" तो म्हणाला. "कुठं होती?"

पायातली कळ विसरले मी. डावीकडचा ऊस. डावीकडचा पंप. डावीकडचं बांधकाम. सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं.

पुढचा रस्ता मी चालत गेले. काठी टेकत, माणसांतून वाट काढत. तो स्कूटर ढकलत मागून येत होता, "हौसे, असं काय करतीस, लोकं बघतात," म्हणत.

कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या टपऱ्यांमागं एक बाकडं होतं. तिथं मी बसले आणि त्याला समोर उभं केलं.

"दादा, तुला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

तो हसला. "काय वेडीबिडी झालीस का?"

"आईची शपथ घे."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिची शपथ आमच्यात कुणी खोटी घेत नाही. तो बाकड्याच्या टोकाला टेकला. चपलेनं मातीत रेघा ओढायला लागला.

"काचबिंदू म्हणाला मिरजेचा डॉक्टर," तो हळूच म्हणाला. "उशिरा आलास म्हणाला. गेलेलं परत येत नाही. उजवा चांगला आहे अजून, थेंब घालतो रोज."

"कधीपासनं?"

"तुझ्या अपघाताच्या आधीपासनं."

"वहिनीला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"आणि बस? अरे, बस कशी चालवतोस तू? पोरं असतात आत!"

"दारात मावशी असते की पोरांना चढवायला-उतरवायला," तो म्हणाला, अगदी सहज, जणू रोजची रीत सांगतोय. "ती 'चला' म्हणाली की चालवतो. डावीकडचं तीच बघते. वळताना मी विचारतो, मोकळं आहे का. ती सांगते. काय अडत नाही गं."

"आणि तिला माहीत आहे, तुला दिसत नाही ते?"

"तिला कशाला सांगायचं?"

शेजारच्या तांबोळींच्या दोन्ही नाती त्याच बसनं जायच्या. धाकटी रोज सकाळी माझ्या दाराशी उभी राहून मला टाटा करायची.

"आणि स्कूटरवर?" मी विचारलं. उत्तर मला कळलेलं होतं, तरी विचारलं.

"स्कूटरवर तुम्ही बायका असताच की," दादा म्हणाला. "एकीकडं बसता, तोंड डावीकडंच असतं. मालनला घेऊनच फिरतो मी. त्या दिवशी तू होतीस. मी विचारत होतो, तू सांगत होतीस. मधेच गप्प झालीस."

काय वाटलं म्हणून सांगू? कुणीतरी फाडकन मुस्काटात मारावी, तसं झालं. वर्षभर मी पाय धरून रडत होते, त्या ट्रॉलीवाल्याला शिव्याशाप देत होते, ह्याचे उपकार मानत होते. आणि ह्यानं मला स्वतःचा डावा डोळा करून मागं बसवलं होतं, न विचारता, न सांगता. मी पदर तोंडावर घेतला, तेवढ्यात त्याची ती बाजू आंधळी झाली. आता ते माझ्यावर ढकलून हा मोकळा!

"तू मला म्हणालास, खोटं बोलतो तुझ्यासाठी," मी म्हटलं. "खोटं कुठलं रे? चूक तुझीच होती!"

त्यानं माझे हात धरले. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, दोन्ही डोळ्यांत. "हौसे, तोंडातून काढू नकोस. दोन वर्षांत रिटायर होतो. हे कळलं तर नोकरी गेली, पोरीचं लग्न मोडलं. कंपनी सगळं माझ्याकडून काढून घेईल, घर विकावं लागंल. तुझंच माहेर आहे ते. तू नुसतं म्हण, दादानं जोरात चालवली. बास. तुझा पाय बरा होईल, माझं घर राहील. कुणाचं काय बिघडतंय ह्यात?"

तेवढ्यात वकीलबाई काळा कोट सावरत आल्या. आम्हाला बाकड्यावर शेजारी शेजारी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "मी काय सांगितलं होतं? बरं, चला, पुकारा झालाय."

कोर्टाची खोली लहानच होती. जज्जसाहेब चष्मा लावलेले, शांत. त्यांच्या खाली टायपिस्ट बाई कॉम्प्युटरवर बोटं ठेवून बसलेल्या. मी पिंजऱ्यात उभी राहिले, काठीवर भार टाकून. दादा पहिल्या बाकावर. कंपनीचे वकील उठले. गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्याची मला खानावळीतही धास्ती वाटते.

"मावशी, आज इथं कशा आलात?"

"स्कूटरवर."

"कुणाच्या?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सामनेवाल्यांच्याच, बरोबर? म्हणजे तुमचं भांडण नाहीच. सगळी चूक पळून गेलेल्या ट्रॉलीची. भरपाईसाठी तुम्ही बहीण-भावानं ठरवून ही केस उभी केली. बरोबर?"

"नाही. चूक दादाची होती."

"कोणती चूक? दारू प्यायले होते?"

"नाही."

"फोनवर बोलत होते?"

"नाही."

"तुमच्या अर्जात भरधाव लिहिलंय. किती वेगात होती गाडी?"

मी दादाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, म्हण, म्हण, अशी. एक शब्द. 'जोरात' एवढा एक शब्द, आणि दादाचं घर राखून मला परत मांडी घालून चुलीपुढं बसता आलं असतं. त्या शब्दासाठीच तर मी वर्षभर ह्या जिन्यांवरनं काठी आपटत वरखाली करत होते. पण माझ्या डोळ्यांपुढं ती पोरगी उभी होती, सायकल सोडून थरथरणारी, आणि तांबोळींची धाकटी, बसच्या पायरीवर.

"मावशी, वेग किती होता?"

"वेग नव्हता साहेब," मी म्हटलं. "दादा हळूच चालवतो."

कंपनीचे वकील हसले. "मग चूक कसली?"

"त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. ट्रॉली डावीकडं होती. आणि साहेब, तो शाळेची बस चालवतो. उद्या सकाळीसुद्धा चालवणार आहे."

वकीलबाई ताडकन उभ्या राहिल्या. कंपनीच्या वकिलांनी हातातला कागद उलटा केला, सुलटा केला. चूक दादाची ठरली तर कंपनीला पैसे द्यावे लागणार, पण ते त्याच्याकडूनच वसूलही करता येणार; त्यांना हे नकोही होतं आणि हवंही होतं, असं त्यांचं तोंड झालं. हे मी बोलले, मी, हौसानं, ह्यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

जज्जसाहेबांनी दादाला पुढं बोलावलं. मला बाजूला उभं केलं आणि दादा पिंजऱ्यात आला. शपथ झाली.

"तुमची बहीण म्हणते ते खरं आहे का?"

"नाही साहेब." दादाचा आवाज चिरकला. "ती पायाच्या दुखण्यानं भ्रमलीय. मला स्वच्छ दिसतं."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही." त्याला ठसका लागला. परत बोलायला गेला, परत ठसका. घसा कोरडा ठाक पडला होता त्याचा.

"त्यांना पाणी द्या," जज्जसाहेब म्हणाले.

शिपायानं ग्लास भरला आणि दादाच्या डाव्या बाजूला जाऊन, कोर्टापुढं बोलायचं नाही म्हणून मुकाट्यानं, त्याच्या खांद्याजवळ धरला. दादा खोकत होता. ग्लास वीतभर अंतरावर. शिपायानं तो जरा हलवला. दादा समोर जज्जसाहेबांकडं बघत म्हणत होता, "मला सगळं दिसतं साहेब. माझा सत्कार झालाय. सगळं दिसतं मला."

शिपाई गोंधळून जज्जसाहेबांकडं बघायला लागला. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ते बघत होते, दोन्ही वकील बघत होते, टायपिस्ट बाईंची बोटं थांबली होती. एकट्या दादाला कळत नव्हतं, सगळे कशाकडं बघतायत ते. खोकून खोकून त्याचं तोंड लाल झालं होतं.

मला ते बघवेना. कितीही झालं तरी माझ्या पाठचा नाही, माझ्या पुढचा भाऊ होता तो. लहानपणी मला खांद्यावर बसवून ओढा पार करणारा.

"दादा," मी म्हटलं, "डाव्या हाताला पाणी आहे. धर."

त्यानं सगळी मान वळवली, तेव्हा कुठं त्याला ग्लास दिसला. दोन्ही हातांनी धरून तो गटागटा प्यायला. मग त्यानं मला शोधलं, आणि सगळ्यांसमक्ष, जज्जसाहेबांसमक्ष, घरात ओट्यावर बसून बोलावं तसं बोलला:

"आत्ता सांगितलंस. त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

टायपिस्ट बाईंनी जज्जसाहेबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि बाईंनी ते वाक्य टाइप केलं.